ज्ञात धोका

डॉ. शाहीन बागवान पुण्याहून आल्या होत्या त्या खरं तर ड्रायव्हरांच्या डुलकीच्या कामासाठी. दक्षिण कोकण परिवहन मंडळाच्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगमध्ये दहा वर्षांपूर्वी एक संवेदक बसवला होता. ड्रायव्हरला पेंग येऊ लागली की त्याचे हात सैलावतात. संवेदकाला ते कळायचं आणि सीट हादरवून तो ड्रायव्हरला जागं करायचा. साधी, उपयोगाची गोष्ट. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना घाटरस्त्यांवर अजून परवानगी नव्हती, त्यामुळे कोकणात ड्रायव्हर होते आणि त्यांच्या डुलक्याही होत्या. यंत्राची नवी आवृत्ती घ्यायची का, हे ठरवायला रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात बैठक भरली होती. मंडळाची जोखीम व दायित्व अधिकारी म्हणून हर्षदा मांडवकर तिथे हजर होती.

नव्या आवृत्तीबद्दल थोडं बोलून झाल्यावर शाहीनबाई म्हणाल्या, "आणखी एक आहे. तुम्ही मागितलं नव्हतं, पण सापडलंय. सगळ्यांसमोर नको."

खोलीत त्यांच्याखेरीज तिघंच उरली. व्यवस्थापकीय संचालक निंबाळकरबाई, विधी सल्लागार अ‍ॅडव्होकेट केळुसकर आणि हर्षदा. शाहीनबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा आणल्या, एकीखाली एक.

"माणसाचा हात कधीच स्थिर नसतो," त्या म्हणाल्या. "तुमचा, माझा, सगळ्यांचाच सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो. डोळ्यांना दिसत नाही, स्टिअरिंगला जाणवतं. वरची रेघ तशी आहे, निरोगी. खालची बघा. लय संथ आहे आणि थरथर एकाच हाताची जास्त आहे. शिवाय वळणावर निरोगी माणूस स्टिअरिंग एका ओघात फिरवतो. ह्याचं फिरवणं तुटक आहे, बारीक पायऱ्यापायऱ्यांचं."

"म्हणजे काय?" निंबाळकरबाईंनी विचारलं.

"कंपवात. पार्किन्सन्स. हात उघड कापायला लागतो तेव्हा मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. आजार त्याआधी कितीतरी वर्षं आत शिरलेला असतो आणि माणसाला पत्ता नसतो. वास येईनासा होतो, झोपेत हातपाय झाडले जातात, पण तेवढ्यासाठी डॉक्टरकडे कोण जातंय? एका वळणावरून आम्हालाही काही कळत नाही. पण घाटात रोज शेकडो वळणं, आणि वर्षानुवर्षं तोच हात. इतकी माहिती कुठल्याच हॉस्पिटलकडे नाही. तुमच्याकडे आहे. जुन्या ड्रायव्हरांच्या रेघा काढून ताडून पाहिलं. यंत्राने शंभर जणांवर बोट ठेवलं, तर सत्तरांना पाच ते आठ वर्षांत आजार होतो. तिसांना कधीच होत नाही."

"आणि आता कामावर असलेल्यांपैकी?" हर्षदाने विचारलं.

"तीस-पस्तीस जण. आज त्यांची गाडी सुरक्षित आहे. आणखी तीन-चार वर्षांनी घाटात मी तसं म्हणणार नाही. औषध आहे. आजार थांबत नाही, पण इतक्या लवकर सुरू केलं तर लांबतो. म्हणून मी धावत आले."

"नावं?" केळुसकरांनी विचारलं.

"मी उघडलेली नाहीत. माझ्याकडे नुसते मार्ग आहेत." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ही खालची रेघ रत्नागिरी-कोल्हापूर सकाळच्या पहिल्या गाडीची. आंबा घाट. आठ वर्षं एकच हात आहे, म्हणून इतकी स्वच्छ आली."

हर्षदाने टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. सकाळची पहिली कोल्हापूर गाडी आठ वर्षं एकच माणूस चालवत होता. रुपेश मांडवकर. तिचा नवरा.

त्याच मार्गावर ती एकेकाळी कंडक्टर होती. साखरप्याच्या थांब्यावर गाडी उभी असायची तेव्हा तो तिला भजी आणून द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही. पुढे त्याने लग्नाचं विचारलं तेही त्याच थांब्यावर. नोकरी सांभाळून ती कायदा शिकली, खात्याच्या परीक्षा देत देत वर चढली. तो घाटातच राहिला. "तू वर जा, मी वर-खाली करतो," असं तो चारचौघांत हसून सांगायचा. घरात मात्र कधीमधी त्या हसण्यातली हवा गेलेली असायची.

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. फाटकातच करपल्याचा वास आला. रुपेशची साप्ताहिक सुट्टी होती. तो ओट्यापाशी उभा राहून सुकट भाजत होता आणि खिडकीतून शेजारच्या पोराशी क्रिकेटवर वाद घालत होता. तव्यावरून काळा धूर निघत होता.

"काय गो, आज लवकर?"

"रुपेश, जळतंय!"

"काय जळतंय?" त्याने तव्याकडे पाहिलं आणि मगच गॅस बंद केला. "अरे तिच्या! गप्पांच्या नादात राहिलं बघ."

हर्षदाने तवा नळाखाली धरला. घरभर वास कोंदला होता, डोळ्यांना पाणी येत होतं. तो मात्र त्या वासाच्या मधोमध उभा राहून निवांतपणे दुसरी सुकट निवडायला बसला. गेलं वर्षभर तो झोपेत लाथा झाडत होता. एकदा उशाजवळचा तांब्या उडाला होता, तेव्हा दोघं पोट धरून हसली होती. आता ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं सुकटीतले खडे निवडत होती, नेहमीसारखीच.

"काय बघतेस?"

"काही नाही."

नियम तिला तोंडपाठ होता. ज्या प्रकरणात जवळच्या माणसाचा संबंध आहे, त्यातून अधिकाऱ्याने तसं लेखी सांगून बाजूला व्हायचं. पण ती बाजूला झाली तर फाईल तिच्या हाताखालच्या माणसाकडे गेली असती, आणि तो समोर येईल त्यावर सही करणारा होता. ती बाजूला झाली नाही. कुणाला काही बोललीही नाही.

चार-पाच दिवसांनी केळुसकरांनी तिला बोलावलं. केळुसकर वाईट माणूस नव्हते. मंडळ बुडायला आलं तेव्हा निम्म्या पगारावर त्यांनी खटले लढवले होते. त्यांनी दार लावलं, स्वतः चहा ओतला.

"हर्षदाबाई, ज्ञात धोका कायदा तुम्हाला मी शिकवायला नको."

नकोच होता. परराज्यात एक पूल पडला होता. तो पडणार हे तिथल्या इंजिनियरांना दोन वर्षं माहीत होतं. त्यानंतर आलेला हा कायदा. सार्वजनिक संस्थेला धोका माहीत होता आणि तिने काही केलं नाही, तर भरपाई संस्थेने द्यायचीच, शिवाय त्या फाईलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने तुरुंगात जायचं. लोकांनी कायद्याचं स्वागत केलं होतं. पण हळूहळू भलतंच घडू लागलं. नगरपालिकांनी पुलांच्या तपासण्या कमी केल्या. सरकारी दवाखान्यांनी काही चाचण्या बंद केल्या. तपासलंच नाही ते माहीत कसं असेल? माहीत नसणं हाच सर्वांत सुरक्षित कारभार झाला.

"आपण ह्या ड्रायव्हरांना सांगितलं," केळुसकर म्हणाले, "तर त्याच दिवसापासून आपल्याला माहीत आहे. मग त्यांना गाडीवरून उतरवायचं. त्यातल्या दहा जणांना काही होणारच नसतं, ते कोर्टात येतील. ज्यांना होणार आहे ते विचारतील, संवेदक दहा वर्षं होता, आधी का नाही सांगितलं? मागचा प्रत्येक अपघात पुन्हा उघडेल. मंडळ टिकणार नाही. मंडळ गेलं की आतल्या गावांच्या गाड्या गेल्या. डायलिसिसला येणारी म्हातारी माणसं कशाने येतील?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"यंत्राच्या नोंदीत खरखर असतेच. ही थरथर त्या खरखरीतलीच आहे, तिला अर्थ नाही, असा दाखला करायचा. संवेदक पुन्हा फक्त डुलकीपुरता लावायचा आणि मूळ नोंदी पुसायच्या. दाखल्यावर सही जोखीम अधिकाऱ्याची लागते. तुमची."

"शाहीनबाई मान्य करतील?"

"त्यांचा करार गुप्ततेचा आहे. तुमचीही शपथ आहे."

"केळुसकर साहेब, तुम्ही त्या ड्रायव्हरांपैकी असतात तर?"

केळुसकरांनी कप खाली ठेवला. "मला सांगू नका म्हणालो असतो," ते म्हणाले. "अगदी खरं सांगतो. माझे वडील ह्याच आजाराने गेले. हाल भोगायला शेवटची वर्षं पुरेशी असतात. आधीची आठ कशाला नासवायची?"

ती उठून आली. सही केली नाही, नाहीही म्हणाली नाही. आठवडाभर तिचं कशात मन लागेना. रुपेश शर्टाची बटणं लावायचा, ती बघायची. तो चावीने कुलूप उघडायचा, ती बघायची. पोळीचा तुकडा मोडताना त्याचा डावा हात किंचित उशीर करतो की तिला तसं वाटतं, हे तिला ठरवता येईना. दापोलीला शेतकी कॉलेजात असलेल्या मुलीचा फोन आला की ती तो त्याच्या हातात द्यायची आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची.

एका सकाळी ती त्याच्या गाडीत जाऊन बसली.

"कोल्हापूरला काम आहे?" त्याने आरशातून विचारलं.

"हो."

साखरपा सोडलं आणि घाट लागला. दरीच्या बाजूने धुकं वर चढत होतं. तिला त्याचे खांदे आणि स्टिअरिंगवरचे हात दिसत होते. एका आंधळ्या वळणावर समोरून टेम्पो चुकीच्या बाजूने आला. गाडीतली माणसं ओरडली. रुपेश ओरडला नाही. गाडी डोंगराकडे अशी नेमकी घेतली की टेम्पो आरशाला न घासता निघून गेला. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "देवमाणूस आहे हा ड्रायव्हर." हर्षदाला रडू फुटायला आलं. पायऱ्या कुठे होत्या? तुटक काय होतं? हा तर एकच ओघ होता.

घाटमाथ्यावर आंब्याला गाडी चहाला थांबली. सांगायचं असं घरून ठरवून निघालेली ती त्याच्यासमोर कप धरून उभी राहिली, तोंड उघडलं, आणि मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. खिडक्यांतून माणसं दिसत होती. आत्ता सांगितलं तर पुढची गाडी कोण चालवणार? ज्याला कळलं आहे तो.

"चहा गार होतोय गो," रुपेश म्हणाला.

कोल्हापूर स्टँडवर त्याने गाडी लावली, कंट्रोलरकडे नोंद केली आणि डबा घेऊन विश्रांतीच्या खोलीकडे निघाला. तेव्हा तिने त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शाहीनबाई, रेघा, सत्तर आणि तीस, औषध, दाखला. तो डबा मांडीवर धरून ऐकत होता.

"तुला कधी कळलं?" शेवटी तो म्हणाला.

"दीड आठवडा झाला."

"दीड आठवडा तू माझ्या हातांकडे बघत होतीस."

"रुपेश..."

"मला वाटलं, हिचं मन उडालंय. अधिकारीण झाली, आता ड्रायव्हर नवरा खुपायला लागला. मी मनात कायकाय बोललो तुला, ठाऊक आहे?" त्याने डबा बाजूला ठेवला. "शंभरात तीस चुकीचे निघतात म्हणालीस ना? मग मी त्यातला."

"असशील."

"तुला काय वाटतं?"

खोटं बोलायला तिने जीव गोळा केला. पण तो तिच्याकडे सरळ बघत होता.

"तुला वास येत नाही, रुपेश. सुकट जळत होती, घर धुराने भरलं होतं, आणि तुला कळलं नाही."

स्टँडवर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. त्याने डबा उचलून तिच्याकडे दिला. मग उठला, कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "दुपारच्या गाडीला दुसरा माणूस द्या. मला बरं नाही."

दोघं त्याच गाडीने प्रवासी म्हणून परतली. तो पुढच्या सीटवर बसला, ती मागे. घाटभर तो दुसऱ्या ड्रायव्हरचे हात बघत होता.

पुढचे काही दिवस त्याने तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. रजा टाकून तो दिवस दिवस भाट्याच्या पुलावर जाऊन बसायचा. हर्षदाने दाखल्यावर सही नाकारली. नुसती नाकारली नाही. निंबाळकरबाईंकडे वेगळा मार्ग मांडला. कायदा म्हणतो, धोका माहीत असेल तर काहीतरी करा. तो जाहीर करा असं कुठे म्हणतो? चाळिशीपुढच्या सगळ्याच ड्रायव्हरांना घाटातून सपाटीवर आणि सपाटीवरून घाटात फिरवत राहायचं. यादी यंत्राने काढायची, आणि ती अशी मिसळलेली काढायची की ज्याचा हात बिघडत चाललाय तो घाटातून वेळेवर निघेल, पण आपली बदली का झाली हे कुणालाच ओळखता येणार नाही. आणि प्रत्येक ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायचा. तुमचं स्टिअरिंग तुमच्याबद्दल काय म्हणतं, ते तुम्हाला ऐकायचंय का?

"हा प्रश्न विचारला तरी ते माहीत असल्याचीच कबुली होते," केळुसकर म्हणाले.

निंबाळकरबाईंनी फाईल ठेवून घेतली. म्हणाल्या, "विचार करते." सरकारी कारभारात ह्याचा अर्थ काय होतो ते तिघांनाही माहीत होतं.

फाईल तिथेच झोपली असती. पण एका दुपारी रुपेश डेपोत गेला आणि स्वतःच्या शरीराची नोंद मागणारा अर्ज त्याने देऊन टाकला. प्रत्येक कामगाराला तो हक्क होता, आजवर कुणी वापरला नव्हता. मग तो ड्रायव्हरांच्या खोलीत गेला आणि सगळ्यांना सांगितलं.

घरी आला तो फाटलेल्या शर्टाने.

"मारामारी झाली?" हर्षदाने घाबरून विचारलं.

"थोडी. संदेश गुरवने कॉलर धरली. म्हणाला, तुला कळलं ते तुझ्यापाशी ठेव, आमच्या पोटावर कशाला पाय देतोस? माझ्या पोरीचं लग्न ठरतंय, म्हणाला. बापाला असला आजार म्हटल्यावर कोण सोयरीक करील?" रुपेश खुर्चीत बसला. "चूक नाही त्याचं. पण सात-आठ जणांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिले."

"माझं नाव निघणार आता."

"निघणार." त्याने वर पाहिलं. किती दिवसांनी तो तिच्याकडे नीट बघत होता. "पाणी दे गो जरा."

तिचं निलंबन दुसऱ्या दिवशीच आलं. आरोप सरळ होता. शपथ मोडून गोपनीय माहिती फोडली, आणि स्वतःच्या नवऱ्याचा संबंध लपवला. दोन्ही खरं होतं.

चौकशी एका निवृत्त न्यायाधीशांसमोर चालली. मंडळाच्या बाजूने केळुसकर उभे राहिले आणि त्यांनी साक्षीला रुपेशलाच बोलावलं. तोवर त्याचं स्कॅन झालं होतं. तो तिसांतला निघाला नव्हता.

"मांडवकर, तुम्ही आता औषध घेता?" केळुसकरांनी मऊ आवाजात विचारलं.

"घेतो. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षं जास्त मिळतील."

"आणि झोप?"

"झोप गेली होती. आता येते थोडी."

"गाडी सुटली?"

"सुटली. शिकाऊ ड्रायव्हरांना शिकवतो."

"आता एकच विचारतो, आणि शपथेवर आहात. हे सांगण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, सांगू का नको, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

हर्षदाने मान खाली घातली. हा प्रश्न तिने स्वतः त्याला कधी विचारला नव्हता. विचारायची तिला हिंमत झाली नव्हती.

रुपेशने उत्तर न्यायाधीशांकडे बघून दिलं.

"नको म्हणालो असतो," तो म्हणाला.

केळुसकर खाली बसले. न्यायाधीशांनी काही लिहून घेतलं. रुपेशचं म्हणणं खरं होतं आणि ते हर्षदाच्या विरोधात होतं.

"तुम्ही बसू शकता," न्यायाधीश म्हणाले. रुपेश उभाच राहिला.

"साहेब, अजून थोडं आहे. नको म्हणालो असतो, हे खरंच. हिने मला विचारलं नाही, ह्याचा राग मला अजून आहे. तो आमच्या घरातला आहे, आम्ही बघू. पण ह्या साहेबांचा कागद काय म्हणणार होता? की माझा हात म्हणजे यंत्राची खरखर. मग मी घाटात जाणार, माणसं घेऊन. एक दिवस हात उशीर करणार. तेव्हा खालून माणसं काढताना कुणालाच काही माहीत नव्हतं असं निघणार. मी नको म्हणालो असतो ते माझ्यापुरतं. गाडीतल्या माणसांच्या वतीने नको म्हणायला मी कोण? आणि ती माझी बायको आहे म्हणून मला कळलं. बाकीच्यांच्या बायका मुख्य कार्यालयात नाहीत, साहेब."

एवढं बोलून तो बसला.

निकाल दोन्हीकडे कापणारा लागला. हर्षदा दोषी ठरली. अधिकारपद गेलं, वेतनवाढी रोखल्या, आणि लांजा डेपोत व्यवस्थापक म्हणून बदली झाली. त्याच निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की खरखरीचा दाखला करणं म्हणजे धोका माहीत असूनही पुसून टाकणं, आणि त्याला हा कायदा नक्कीच लागू होतो. ते वाचून निंबाळकरबाईंनी झोपलेली फाईल उठवली. ड्रायव्हरांची फिरती यादी सुरू झाली. जो विचारील त्याला सांगायचं, जो विचारणार नाही त्याला कधीही सांगायचं नाही. आणि सांगायचं तेव्हा ते डेपोच्या व्यवस्थापकाने समोरासमोर, त्या माणसाबरोबरच स्क्रीन उघडून. आधी कुणी बघायचं नाही. मंडळ बुडालं नाही. दोन खटले मात्र आले, आणि ते अजून चालू आहेत. केळुसकरच लढतात.

लांज्याला हर्षदाला वर्ष होत आलं होतं. फिरत्या यादीने संदेश गुरवही त्याच डेपोला आला होता. तो तिला नमस्कार करायचा, पण नजर चुकवून. एके दिवशी दुपारची गाडी लावून तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, मला ते सांगू नका हं. ते विचारायला नाही आलो."

"बरं. या, बसा."

तो बसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "मांडवकर कसा आहे?"

"आज सकाळी भांडला माझ्याशी. शिकायला येणाऱ्या सहा जणांना मला न सांगता जेवायला बोलावलंय."

संदेश हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आणि हात?"

"डावा कधीकधी खिशात घालून बसतो. त्याला वाटतं, मला दिसत नाही."

"झोपतो का?"

"आता झोपतो. पहिले काही महिने नाही. मीही नाही." तिला वाटलं, ह्या माणसाला काहीतरी धीराचं सांगावं. पण तिला धीराचं आणि खरं असं एकाच वेळी काही सुचेना. "तुमच्या मुलीचं झालं लग्न?"

"झालं. सुखी आहे." तो दाराकडे वळला. बाहेर राजापूरची गाडी सुटत होती, कंडक्टरने दार ओढून घेतलं. संदेश ती गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिला. मग परत फिरला, खोलीचं दार आतून लोटलं आणि खुर्चीत येऊन बसला.

"घरून कुणाला बोलवायचंय का?" हर्षदाने विचारलं. "उद्या बघू हवं तर. घाई नाही."

"उद्या माझा धीर राहायचा नाही, मॅडम. उघडा."

टेबलापलीकडून उठून ती आपली खुर्ची ओढत त्याच्या बाजूला घेऊन आली. स्क्रीन दोघांना दिसेल अशी वळवली. काय निघणार ते तिलाही माहीत नव्हतं. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि तिने बटण दाबलं.